नव्या संरक्षकाला किती भाव द्यायचा?

आवडते खेळाडू निवडायचे, प्रत्येकाला भाव लावायचा आणि सामना संपला की गुणांची बेरीज करायची, ही सवय क्रिकेटने आपल्याला लावली. तोच खेळ मित्रमंडळींत खो-खोवर खेळायचा ठरला की पहिल्या फटक्यात सगळे आक्रमक उचलले जातात. सूर मारून गडी टिपणारा, खांबावर झेपावणारा खेळाडू डोळ्यांत भरतो आणि त्याचे गडी मोजायलाही सोपे असतात. संरक्षक मागाहून, जागा भरायला म्हणून घेतले जातात. त्यातही पहिल्याच मोठ्या स्पर्धेला उतरलेला नवा संरक्षक असेल, तर त्याचं नाव कुणी काढत नाही.

माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. खो-खोच्या गुणांच्या खेळात सगळ्यात स्वस्तात मिळणारा चांगला खेळाडू म्हणजे नवा संरक्षक. मात्र त्याचे सेकंद वाचता आले पाहिजेत. ज्या जिल्ह्यातून अर्जुन पुरस्कारविजेती सारिका काळे आली आणि अश्विनी शिंदे खो-खो विश्वचषकाच्या संघात पोचली, त्या धाराशिवच्या प्रेक्षकाला तर ते यायलाच हवं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा खेळ बिनपैशाचा ठेवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ड्रीम ११ ने आपल्या पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. वहीवर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पैसे लावले म्हणून तो जुगार नाही, असं होत नाही. हरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजावा, इथवर ठीक आहे.

संरक्षकाची उपेक्षा काही खो-खोतच होते असं नाही. अमेरिकेत १९६३ साली ओकलंडमध्ये त्यांच्या फुटबॉलवर असा गुणांचा खेळ सुरू झाला आणि आज तिकडे तो घरोघर चालतो. तिथल्या बऱ्याच स्पर्धांत बचाव करणाऱ्या संपूर्ण संघाला मिळून एकच आकडा मिळतो. बचावपटूंना वेगवेगळे गुण देणाऱ्या स्पर्धांतही मधल्या फळीत उभा राहणारा धिप्पाड डिफेन्सिव्ह टॅकल मागेच राहतो, आणि तो पहिल्या हंगामाचा असेल तर आणखी मागे. कारण उघड आहे. समोरचे दोन गडी तो एकट्याच्या अंगावर घेतो, त्यामुळे शेजारचा मोकळा सुटतो आणि चेंडूवाल्याला पाडल्याचे गुण त्या शेजाऱ्याच्या नावावर चढतात. २०१४ साली आरन डोनाल्ड हा सेंट लुईस रॅम्सचा नवा टॅकल पहिल्याच हंगामात प्रतिस्पर्ध्याच्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला ९ वेळा पाडून बसला आणि वर्षातला सर्वोत्तम नवा बचावपटू ठरला. पण असे अपवादच. बाकीच्यांचं काम आकड्यांत उतरत नाही.

कबड्डीत हाच फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. प्रो कबड्डीच्या २०१७ च्या हंगामात परदीप नरवालने चढाईत ३६९ गुण मिळवले. पुढच्या वर्षी नितेश कुमार एका हंगामात पकडीचे १०० गुण गाठणारा पहिला बचावपटू ठरला. दोघंही आपापल्या कामातले शिखरावरचे खेळाडू, तरी गुणांत तिपटीहून जास्त अंतर. तीन किंवा त्याहून कमी गडी मैदानात असताना केलेल्या पकडीला दोन गुण देऊन लीगने हे अंतर थोडं कमी केलं, पण कोपऱ्यातल्या नवख्या पोराची साखळी नीट लागली म्हणून चढाईपटू रिकाम्या हाताने परत गेला, तर त्या पोराच्या खात्यात काहीच जमा होत नाही.

खो-खो या दोन्ही खेळांपेक्षा प्रामाणिक आहे, कारण इथे संरक्षकाचं काम घड्याळावर नोंदलं जातं. कुणी किती मिनिटं पळती केली हे गुणपत्रकात लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरातही छापून येतं. अडचण आहे ती तो आकडा वाचण्यात.

एक तुकडी डोळ्यांसमोर आणा. तिघी संरक्षक मैदानात उतरल्या. पहिली ४० सेकंदांत बाद झाली, दुसरी १ मिनिट २० सेकंदांवर, तिसरी २ मिनिटं ३० सेकंदांवर. पेपरात तिसरीचं नाव येईल, अडीच मिनिटं म्हणून. पण पहिली ४० सेकंद आक्रमक पहिलीच्या मागे होत्या आणि पुढची ४० दुसरीच्या मागे. तोवर तिसरी खांबाच्या आडोशाला किंवा पाटीच्या पलीकडे दम राखून उभी होती. तिच्या एकटीच्या मागे आक्रमण लागलं ते शेवटची ७० सेकंद. ही ७० सेकंद तिची खरी कमाई. बाकीचा वेळ तिला जोडीदारणींनी मिळवून दिला.

म्हणून नवा संरक्षक जोखायचा असेल तर वहीत दोन रकाने करा. एकात तो आत आल्यापासून बाद होईपर्यंतचा वेळ लिहा, दुसऱ्यात त्याच्या आधीचा गडी बाद झाल्यापासून तो स्वतः बाद होईपर्यंतचा. पहिला रकाना सगळेच पाहतात. दुसरा पाहणारा माणूस नवा खेळाडू लोकांआधी ओळखतो. वरच्या उदाहरणातली पहिली पोरगी पाहा. तिची ४० सेकंद पेपरात छापून यायची नाहीत, पण पळती सुरू होताना ताज्या दमाच्या आक्रमकांनी नेमकं तिलाच लक्ष्य केलं होतं. नवख्या खेळाडूवर आधी तुटून पडायचं, हा आक्रमकांचा नेहमीचा डाव असतो. त्यातून ती ४० सेकंद तगली असेल, तर आयत्या मिळालेल्या अडीच मिनिटांपेक्षा मी तिला वरचढ धरीन.

तुकडीचा क्रमही असाच फसवतो. बहुतेक प्रशिक्षक भरवशाचे संरक्षक पहिल्या तुकडीत उतरवतात आणि नवख्याला तिसऱ्या तुकडीत ठेवतात. वरिष्ठ गटाची पाळी ९ मिनिटांची. पहिल्या दोन तुकड्यांनी आठ मिनिटं खाल्ली, तर तिसऱ्या तुकडीला जेमतेम मिनिटभर मिळतं. नवखा खेळाडू ३५ सेकंद नाबाद राहिला, असं गुणपत्रकात दिसतं आणि वाचणारा म्हणतो, ३५ सेकंदच की. अहो, घड्याळच संपलं, तो कुठे बाद झाला? नाबाद ३५ आणि बाद ३५ यांची एकाच रकान्यात सरासरी काढू नका. नाबाद वेळेला शेजारी फुली मारा आणि नवख्याला न्याय द्यायचा तेव्हा त्या फुल्या वेगळ्या मोजा. १४ वर्षांखालच्या गटात पाळी ७ मिनिटांची असते, त्यामुळे त्या गटातले सेकंद उचलून मोठ्या गटातल्या सेकंदांशी लावायचे नाहीत.

आता भावाचा हिशोब. जुन्या पद्धतीच्या सामन्यात एक गडी बाद म्हणजे एक गुण. आपल्या खेळात सोयीसाठी एका गड्याला १० गुण धरू. मग संरक्षणाला किती? वरची तुकडी १५० सेकंद टिकली. तशाच तुकड्या येत राहिल्या तर ९ मिनिटांत साधारण ३.६ तुकड्या होतात, म्हणजे १०.८ गडी, म्हणजे आक्रमकांचे १०८ गुण. संरक्षकांच्या वैयक्तिक वेळा जोडल्या तर एका तुकडीचे ४० अधिक ८० अधिक १५०, म्हणजे २७० सेकंद, आणि पाळीभरात ९७२. दर १० सेकंदांना एक गुण दिला तर संरक्षकांना ९७ गुण मिळतात. १०८ विरुद्ध ९७ ही माझ्या मते न्याय्य वाटणी आहे. दर ६ सेकंदांना गुण देण्याचा मोह होईल, कारण मिनिटाला १० गुण हा हिशोब डोक्यात चटकन बसतो. पण एकाच वेळी तिघं मैदानात असल्याने तसं केलं तर संरक्षकांचे गुण अकारण फुगतात आणि खेळ दुसऱ्या बाजूला कलतो.

हे एवढं ठरवलं तरी तुमच्या मंडळातले भाव पालटतील. कारण सगळ्यांच्या डोक्यात अजून गडी टिपणाराच बसलेला असतो आणि संरक्षक तीस-चाळीस टक्के कमी भावात मिळतो, ही माझ्या पाहण्यातली गोष्ट आहे.

आणखी एक जागा आहे, तिच्याकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. बलाढ्य संघ एक डाव राखून जिंकतो तेव्हा काय घडतं? पहिल्या डावात पुरेशी आघाडी मिळाली की तो समोरच्या संघाला लगेच पुन्हा आक्रमण करायला लावू शकतो. समोरच्याला ती आघाडी फेडता आली नाही की सामना तिथेच संपला. अशा सामन्यात बलाढ्य संघाचे आक्रमक एकदाच आक्रमण करतात, पण त्याचे संरक्षक दोनदा पळती करतात. म्हणजे एकतर्फी सामन्यांच्या साखळी फेरीत, जिथे मोठे संघ छोट्यांना लोळवतात, तिथे मोठ्या संघाच्या नव्या संरक्षकाला आक्रमकांच्या दुप्पट पाळ्या मिळतात, आणि प्रशिक्षकही अशाच सामन्यात नव्याला संधी देतो. राज्य स्पर्धेच्या साखळी फेरीत धाराशिव, पुणे, ठाणे, सांगली अशा संघांतला तिसऱ्या तुकडीचा खेळाडू घ्यायचा आणि बाद फेरी सुरू झाली की तो सोडून पहिल्या तुकडीतला अनुभवी घ्यायचा, एवढी अदलाबदल केली तरी बराच फरक पडतो. उपांत्य फेरीत दोन्ही बाजू तोलामोलाच्या असल्या की दोन्ही डाव पूर्ण होतात आणि नवख्याला कदाचित तुकडीतही घेत नाहीत.

आता मैदानावर चला, कारण सेकंद मोजून झाले तरी पोरगी चांगली पळते का, हे नजरेनेच कळतं. धाराशिवमध्ये पाहायला जागेची वाण नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा याच शहरात झाली, शिवाय शालेय स्पर्धा दरवर्षी असतातच. पाणी मारून बसवलेली माती, फक्कीने आखलेल्या रेघा, मधल्या पाटीवर आठ आक्रमक एकाआड एक तोंड फिरवून बसलेल्या आणि नववी धावती. खांबाच्या मागच्या बाजूला बसा. तिथून संरक्षकाचे पाय दिसतात.

साखळी पळताना चांगली संरक्षक बसलेल्या आक्रमकांच्या मधून वळणं घेत जाते आणि प्रत्येक वळणावर क्षणभर अर्ध्या पावलाने थांबते. त्या अर्ध्या पावलात ती पाहत असते, धावती आक्रमक खो देणार की पुढे जाणार. खो मिळालेली मुलगी उठून निघते तोवर हिने दिशा बदललेली असते. नवखी खेळाडू बहुधा नुसती पळते. तिचा वेग डोळे दिपवतो, पण ती धावतीकडे पाहतच नाही, त्यामुळे दोन पटापट मिळालेल्या खोंत अडकते. अशी वेगवान पोरगी पहिल्या सामन्यात दीड मिनिट करील, दुसऱ्यात वीस सेकंद. तिच्यावर भाव लावू नका. उलट वेग बेताचा, पण मान सतत वळलेली, हुलकावणी देताना खांदा एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला, अशी खेळाडू दिसली की नाव लिहून घ्या. तिच्या वेळा सामन्यागणिक फारशा खालीवर होत नाहीत, आणि गुणांच्या खेळात हाच गुण सोन्याच्या मोलाचा.

बाद कशी झाली तेही लिहा. समोरचीने लांब सूर मारून टिपलं असेल तर श्रेय समोरचीचं, भाव कमी करायचं कारण नाही. रेघेबाहेर पाय गेले किंवा तुकडी आत यायला उशीर झाला म्हणून बाद झाली असेल तर ती घाबरली होती. हे दोन-तीन सामन्यांत सुटतं, आणि नेमक्या याच वेळी ती स्वस्तात मिळते. पण खांबाजवळ वारंवार सापडत असेल तर थांबा. खांब हे संरक्षकाचं लपायचं ठिकाण असतं आणि सापळाही तिथेच असतो. आक्रमक कोणत्या बाजूने झेपावेल हे ओळखायला वर्षं जातात, एका स्पर्धेत ते सुधारत नाही.

मॅटवरच्या सामन्यांसाठी वेगळं पान उघडा. मातीवर वाढलेल्या पायाला मॅटवर वळताना पकड जास्त मिळते, वळण आखूड होतं आणि पोटऱ्या लवकर भरतात. ग्रामीण भागातली कितीतरी मुलं मॅटवर पहिल्यांदा उतरतात ती थेट मोठ्या स्पर्धेतच. तिथला पहिला सामना नवख्याच्या हिशोबात धरूच नका.

मॅटवरच्या काही स्पर्धांत नियमही बदलतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला. तिथे एका गड्याला दोन गुण होते, आणि संरक्षकांची तुकडी तीन मिनिटं टिकली की एक गुण, पुढे दर अर्ध्या मिनिटाला आणखी एक, अशी ड्रीम रनची सोय होती. महिलांच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताने नेपाळला ७८–४० असं हरवलं. तीन पाळ्यांनंतर गुण ७३–२४ होते. चौथ्या पाळीत भारताला संरक्षणच करायचं होतं, आणि चैत्रा बी.च्या तुकडीने ५ मिनिटं १४ सेकंद पळती केली. तीन मिनिटांना एक, मग साडेतीन, चार, साडेचार, पाच, असे पाच गुण. ७३ चे ७८ झाले ते या पाचांमुळे. पण हिशोब इथे संपत नाही. नेपाळने दुसऱ्या पाळीत २४ गुण केले होते, या चौथ्या पाळीत त्यांना १६ च मिळाले. पाच मिळवले आणि वर आठ अडवले. सामन्याची सर्वोत्तम खेळाडू चैत्राच ठरली, आणि तो निर्णय मला अगदी योग्य वाटतो.

तुमच्या वहीत अशा तुकडीसाठी वेगळा नियम हवा. तुकडी तीन मिनिटांच्या पुढे गेली की त्या वेळी मैदानात असलेल्या प्रत्येकाला ५ गुण जादा द्या, फक्त शेवटच्याला नको. लांब पळती एकटीच्या बळावर होत नाही. दोघी उरलेल्या असताना एकीने आक्रमण आपल्याकडे ओढलं तरच दुसरीला श्वास मिळतो. नवी खेळाडू अशा अनुभवी जोडीदारणीबरोबर उतरत असेल तर तिचा भाव मी थोडा वाढवून धरतो.

मग नवख्याला एकूण किती द्यायचा? शंभराच्या थैलीत सात खेळाडू घ्यायचे असतील तर नामांकित आक्रमकाला २० ते २५ जातात. नव्या संरक्षकाला मी ८ च्या वर जात नाही, आणि तो आक्रमणातही उपयोगी पडत असेल तर १२ पर्यंत. निव्वळ संरक्षक पाटीवर बसून खो देण्यापुरताच राहतो, त्याला गडी मिळत नाहीत. म्हणजे त्याच्या गुणांना एकच वाट. एखाद्या सामन्यात ती वाट बंद झाली तर हाती भोपळा. त्यामुळे एका संघात असे दोन नवखे संरक्षक पुरेत, आणि तेही वेगवेगळ्या तुकड्यांतले घ्यावेत. सगळ्यात मोठी खूण म्हणजे प्रशिक्षकाने स्पर्धेच्या मध्यावर नवख्याला तिसऱ्या तुकडीतून पहिलीत आणणं. ते दिसलं की वाट पाहू नका. त्याच संध्याकाळी अदलाबदल करा, दुसऱ्या दिवशी पेपरात वेळ छापून आली की सगळे त्याच्या मागे लागतात.

आधीच्या पुरस्कारांची यादीही जवळ ठेवा. राष्ट्रीय स्पर्धांत १४ वर्षांखालच्या मुलांना भरत, मुलींना इला, १८ खालच्यांना वीर अभिमन्यू आणि जानकी, मोठ्यांना एकलव्य आणि राणी लक्ष्मीबाई असे सन्मान मिळतात. मोठ्या गटात आलेला नवखा खेळाडू हे सन्मान मिळवून आला असेल तर तो नावापुरता नवखा. धाराशिवच्या मुलींच्या बाबतीत हे वारंवार घडतं, कारण इथे डॉ. चंद्रजित जाधव यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी लहान वयापासून घडवणूक केली आहे. सारिका काळे काही एका हंगामात उगवली नव्हती. गुवाहाटीच्या २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती कर्णधार म्हणून सुवर्णपदक घेऊन आली आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, त्यामागे शाळेच्या मैदानापासूनची वर्षं होती.

शेवटी एक बंधन. हे सगळं वरिष्ठ गटापुरतं आणि लीगपुरतं ठेवा. शाळकरी मुलामुलींवर भाव लावायचे नाहीत, गंमत म्हणूनही नाही, आणि त्यांची नावं-फोटो ग्रुपवर फिरवायची नाहीत. चौदा वर्षांच्या पोरीच्या कानावर आपला भाव आला तर ती पळती करताना धावतीकडे पाहणार नाही, कडेला बसलेल्यांकडे पाहील. लहान गटाचे सामने पाहताना दोन रकान्यांची वही मात्र जरूर ठेवा, आणि सामना संपल्यावर ते पान प्रशिक्षकाच्या हातात द्या. कोणाच्या मागे आक्रमण किती वेळ लागलं होतं, ही नोंद बऱ्याच शाळांत कुणी ठेवत नाही, आणि पुढच्या सरावाची आखणी करायला ती त्यांना लगेच कामी येते.